गार्सिनियाच्या गोळीने किती वजन उतरतं?

लग्नसराई जवळ आली की खान्देशातल्या औषध दुकानांत एक मागणी हमखास वाढते. कुणी मोबाईलवरचा फोटो पुढे करतं, कुणी चिठ्ठीवर लिहून आणलेलं नाव दाखवतं: गार्सिनिया. चाळिशीतल्या बाया येतात, लग्न ठरलेल्या मुली येतात, शुगर वाढल्याचं नुकतंच कळलेले पुरुषही येतात. 'ताई, हाई गोळी वजन कमी करस का?' हा प्रश्न मी काउंटरच्या आतल्या बाजूला उभी राहून इतक्यांदा ऐकला आहे की त्याचं उत्तर एकदा नीट, सविस्तर लिहून काढावंसं वाटलं. गिऱ्हाइकांची रांग असताना ते सांगून होत नाही. आणि अर्धवट सांगितलं तर 'म्हणजे घ्यायला हरकत नाही ना?' एवढंच लोक घरी घेऊन जातात.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. डबीवर जे 'गार्सिनिया कंबोजिया' लिहिलेलं असतं ते केरळ-कर्नाटकच्या घाटात वाढणारं झाड. त्याच्या फळाची साल वाळवून केरळात माशांच्या कालवणात आंबटपणासाठी घालतात, तिथे तिला कुडमपुळी म्हणतात. कोकणातलं कोकम, म्हणजे आपल्या आमटीतलं आमसूल, हे त्याचंच सख्खं भावंड. तेही गार्सिनियाच, फक्त जात वेगळी. दोन्हींच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं. हे आम्ल सालीत आहे हे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1965 साली दाखवलं. म्हणजे या गोळीच्या गोष्टीची सुरुवात आपल्याच देशातल्या अतिशय चांगल्या, प्रामाणिक कामातून झाली आहे.

पुढचं पाऊल अमेरिकेत पडलं. शरीर जेव्हा साखर-पिठातून चरबी तयार करतं, तेव्हा मधल्या एका टप्प्यावर एक एन्झाइम लागतं. हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल त्या एन्झाइमला अडवतं, असं 1969 मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. मग 1970च्या दशकात उंदरांवर प्रयोग झाले. उंदरांच्या शरीरात चरबी बनणं घटलं, त्यांचं खाणं कमी झालं, वजन वाढणंही मंदावलं. यात काहीही खोटं नव्हतं. आजही जाहिरातीत जे 'चरबी बनण्याची प्रक्रिया रोखते' असं छापतात, ते याच प्रयोगांच्या जोरावर.

अडचण पुढे आहे. उंदीर पिठूळ अन्नातून भरपूर चरबी बनवतो. माणसाचं शरीर, रोजचं साधारण जेवण चालू असताना, पिठापासून फारच थोडी नवी चरबी तयार करतं. आपल्या पोटावर साठते ती बहुतेक चरबी जेवणातल्या तेलातुपातून थेट आलेली असते. भाकरी, भात आणि साखर शरीराला जळणासाठी मिळत राहतात, त्यामुळे ती तेलातुपातली चरबी जाळायची वेळच येत नाही आणि ती साठून राहते. म्हणजे जो रस्ता ही गोळी अडवते त्या रस्त्याने माणसात फारशी वाहतूकच नसते. माझ्या मते संपूर्ण विषयातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, आणि कुठल्याही डबीवर ती लिहिलेली नसते.

तरीही शरीरशास्त्राच्या तर्कावर थांबू नये. तर्क चुकू शकतो. माणसांना गोळी देऊन बघणं हाच खरा निकाल. पण ते बघायचं कसं?

रावेर-यावलकडचा केळी बागायतदार हे कुठल्याही पुस्तकाइतकं चांगलं सांगू शकेल. बागेत नवं खत टाकलं आणि घड भारी आले, तर ते खताने आले की त्या वर्षी पाणी बरं होतं म्हणून आले? हुशार शेतकरी काही ओळी नव्या खताशिवाय सोडतो. जमीन तीच, पाणी तेच, रोपं तीच. मग दोन्हीकडचे घड तोलतो. फरक पडला तरच खताचं श्रेय. औषधाची चाचणी अशीच असते. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली रिकामी गोळी, म्हणजे प्लासिबो. कुणाला कोणती मिळाली हे घेणाऱ्यालाही माहीत नसतं आणि वजन करणाऱ्यालाही. कोण कुठल्या गटात जाणार हेही चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, म्हणजे उत्साही लोक सगळे एकाच बाजूला जमत नाहीत.

अशी एक चाचणी न्यू यॉर्कमध्ये झाली आणि 1998 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आली. 135 जाड माणसं, 12 आठवडे. एका गटाला दिवसाला 1500 मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल, दुसऱ्याला रिकामी गोळी. दोघांनाही कमी कॅलरीचं, चोथा भरपूर असलेलं जेवण ठरवून दिलं होतं. शेवटी गार्सिनिया घेणाऱ्यांचं वजन सरासरी 3.2 किलोने उतरलं. रिकामी गोळी घेणाऱ्यांचं 4.1 किलोने.

हे दोन आकडे पुन्हा वाचा. काहीच औषध न घेतलेल्यांचं वजन थोडं जास्तच उतरलं होतं. तो फरक योगायोगाचा धरावा इतका लहान होता, त्यामुळे 'गार्सिनियाने वजन वाढतं' असा अर्थ काढायचा नाही. पण त्या 4.1 किलोंकडे बघा. ते कुठून उतरले? जेवणातून. आता कल्पना करा की त्या चाचणीत रिकाम्या गोळीचा गट नसता. मग 'गार्सिनियाने तीन महिन्यांत तीन किलो उतरवले' अशी बातमी झाली असती, आणि ती ऐकणाऱ्याला त्यात शंका घ्यायला जागाच उरली नसती. शेजारच्या वहिनींचं वजन उतरलं, त्यांनी गोळी घेतली होती, हेही खरंच असतं. पण गोळी सुरू केली त्याच दिवशी त्यांनी चहातली साखर सोडली, रात्रीचा भात सोडला आणि संध्याकाळी बहिणाबाई उद्यानात फेऱ्या मारायला लागल्या. पैसे घालून काही सुरू केलं की माणूस बाकीचंही मनावर घेतो. श्रेय मात्र डबीला जातं, कारण डबी दिसते.

एका चाचणीवर निकाल देऊ नये हेही खरं. 2011 मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी तोवर झालेल्या अशा चाचण्या एकत्र मोजल्या. नऊ चाचण्यांचे आकडे मिळवून सरासरी फरक निघाला 0.88 किलो. गार्सिनिया घेणाऱ्यांचं वजन रिकाम्या गोळीवाल्यांपेक्षा एवढंच जास्त उतरलं. किलोभरसुद्धा नाही. आणि त्यातल्या चांगल्या पद्धतीने केलेल्या चाचण्या तेवढ्या वेगळ्या काढल्या तर हाही फरक ठामपणे उरत नव्हता. बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्याच होत्या, त्यामुळे वर्षभराने काय होतं याचं उत्तर त्यातून मिळत नाही. एक गोष्ट लक्षात घ्या: सकाळी रिकाम्या पोटी आणि रात्री जेवून-पाणी पिऊन वजन केलं तर एकाच माणसात किलोभराचा फरक सहज दिसतो.

'ठीक आहे, फायदा नसेल; पण झाडपाला आहे, तोटा तर नाही ना?' हा पुढचा प्रश्न. इथे मला जरा थांबून बोलायचं आहे.

अमेरिकेत औषधांमुळे आणि पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद ठेवणारं एक मोठं जाळं आहे. 2004 ते 2018 या काळातल्या त्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा 22 रुग्णांमध्ये गार्सिनिया कारणीभूत असल्याचं दिसलं. पाच जणांनी नुसतं गार्सिनिया घेतलं होतं, सोळा जणांच्या गोळीत त्यासोबत ग्रीन टीचा अर्क होता, एकाच्यात अश्वगंधा. बहुतेकांना कावीळ झाली. एकाचा मृत्यू झाला, एकाला यकृत बदलावं लागलं. काहींना गोळी सुरू केल्यावर दोनेक आठवड्यांतच त्रास झाला, काहींना सहा-सात महिन्यांनी. त्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली. म्हणजे काही माणसांचं शरीरच या गोष्टीला वेगळी प्रतिक्रिया देतं. आपण त्यातले आहोत की नाही हे बाहेरून कळत नाही. 2025 मध्ये फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने गार्सिनिया असलेल्या पूरक गोळ्या घेऊच नका असा सल्ला लोकांना दिला.

लाखो लोक ही गोळी घेतात आणि त्यांतल्या फार थोड्यांना असा त्रास होतो, हे मी लपवणार नाही. पण जिथे फायदा किलोभराचाही नाही, तिथे लाखात एकाची कावीळसुद्धा मला महाग वाटते. जीव वाचवणाऱ्या औषधासाठी माणूस जोखीम पत्करतो; त्या हिशेबाची दुसरी बाजू इथे रिकामी आहे.

'झाडाचं म्हणजे निर्धोक' ही समजूत आपल्याकडे फार खोल आहे. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला, आणि 2020च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, तो वाद झाला. वाद कुठेही मिटो, झाडात जे द्रव्य शरीरावर काम करतं तेच अपायही करू शकतं, एवढं तर त्यातून कळतंच.

मग आमसुलाचं काय? आमटीतली चार आमसुलं टाकायची की ठेवायची? खुशाल ठेवा. यकृताच्या तक्रारी आल्या त्या गोळीतल्या आटवलेल्या अर्काबद्दल, रोज ठरलेल्या मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलेल्या. आमटीत किंवा उन्हाळ्यात सरबतात पडणारं प्रमाण त्याच्या जवळपासही नाही. त्याने वजन उतरेल असंही मात्र नाही. चवीसाठी घालतो तसंच घालत राहावं.

आता त्याहून वाईट प्रकार. काही डब्यांवर '100 टक्के आयुर्वेदिक' लिहिलेलं असतं आणि आत गुपचूप इंग्रजी औषध मिसळलेलं असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला 2007 ते 2016 या काळात भेसळ सापडलेल्या 776 पूरक उत्पादनांपैकी 317 वजन कमी करण्याची होती, आणि त्यांतल्या 269 मध्ये सिब्युट्रामिन निघालं. हे भूक मारणारं औषध आहे. हृदयविकार असलेल्यांत त्याने झटक्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो हे दिसल्यावर 2010 मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं आणि 2011 मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. म्हणून एखाद्या पावडरीने पहिल्या आठवड्यातच भूक पार मेली, छातीत धडधड होते, झोप उडाली, तोंड कोरडं पडतं असं कुणी सांगितलं, तर मला 'गुण आला' असं म्हणवत नाही. मी आधी ती पावडर थांबवायला सांगते. आणि 'स्लिमिंग टी'मध्ये बऱ्याचदा सोनामुखी असते. तिने जुलाब होतात, काट्यावर किलो-दीड किलो कमी दिसतं. गेलेलं असतं ते पाणी, पुन्हा पाणी प्यायलं की परत येतं.

बाकीच्या वनस्पतींचं थोडक्यात सांगते. ग्रीन कॉफीचा बोलबाला ज्या अभ्यासाने झाला तो भारतातच झालेला होता, अवघ्या 16 माणसांवर. 2012 मध्ये छापला गेला तेव्हा सरासरी आठ किलो उतरल्याचा दावा होता. पुढे अमेरिकेच्या व्यापार आयोगाने आरोप ठेवला की त्यात वजनाचे आकडे बदलले गेले, कुणी खरी गोळी घेतली आणि कुणी रिकामी हेही फिरवलं गेलं. हा अर्क विकणाऱ्या अमेरिकन कंपनीने 35 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं, आणि 2014 मध्ये तो शोधनिबंध मागे घेण्यात आला. डब्या मात्र अजून विकल्या जातात. ग्रीन टीच्या चाचण्यांतून वजनात जाणवेल असा फरक निघालेला नाही. चहा म्हणून प्यायला हरकत नाही, अर्काच्या गोळ्यांत मात्र यकृताचा प्रश्न आहेच.

कॅरालुमा ही निवडुंगासारखी दिसणारी रानवनस्पती, काही भागांत हिला शिंदळमाकुडी म्हणतात. 'आदिवासी शिकारीला जाताना हिचा तुकडा चघळतात, मग दिवसभर भूक लागत नाही' ही तिची जाहिरात. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा लोकांच्या नावावर असं काहीही विकलं जातं याचं मला वाईट वाटतं, कारण त्यांचं वनस्पतींचं ज्ञान खरं आहे आणि त्या विक्रीतला रुपयाही त्यांच्याकडे जात नाही. बंगळुरूत 50 जणांवर 60 दिवसांची चाचणी झाली, 2007 मध्ये ती छापून आली. भूक आणि कंबरेचा घेर रिकाम्या गोळीच्या तुलनेत घटला, वजनात ठाम फरक पडला नाही. गार्सिनियापेक्षा थोडं आशादायक म्हणता येईल, पण एवढ्याशा लोकांवरून दुकानात कुणाला 'घ्या' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

चोथ्याचं जरा वेगळं आहे. कोंजॅक नावाच्या कंदातलं ग्लुकोमॅनन पाणी शोषून पोटात फुगतं. कमी कॅलरीच्या जेवणाबरोबर दिवसाला तीन ग्रॅम, जेवणाआधी भरपूर पाण्यासोबत घेतलं तर वजन उतरायला मदत होते, हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2010 मध्ये मान्य केला. तरी नंतर चाचण्या एकत्र मोजल्या तेव्हा फरक पाव किलोच्या आसपासच निघाला, तोही पक्का नव्हता. आपल्या शेजारच्या गुजरातेतून येणारं इसबगोल याच जातीचं. ते बद्धकोष्ठाला उत्तम, कोलेस्टेरॉल थोडं उतरवतं, स्वस्त आहे. वजनासाठी त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. घ्यायचंच तर पेलाभर पाण्यात, आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवून, कारण चोथा ती गोळी शोषू देत नाही.

लोक लेबलवरचा चौदा आकडी परवाना क्रमांक दाखवून म्हणतात, 'सरकारने पास केलंय ना!' तो अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांक आहे. कारखान्याला खाद्यपदार्थ बनवायची परवानगी आहे, एवढाच त्याचा अर्थ. गोळीने वजन उतरतं हे कुणी तपासून मान्य केलं, असा नाही. त्याच डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते, ती वाचा. 1954च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याच्या यादीत लठ्ठपणाचं नाव स्पष्ट आहे. तो बरा करण्याच्या दाव्याने औषधाची जाहिरात करता येत नाही. म्हणूनच की काय, डब्यांवर 'मेटाबॉलिझमला साथ' असली गोलमोल भाषा दिसते आणि खरे दावे सकाळच्या न्यूट्रिशन क्लबात आणि व्हॉट्सॲपवर तोंडी केले जातात.

मग वजनासाठी करायचं काय, हे विचारणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवणं मला पटत नाही. भारतीयांत कंबरेचा घेर पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या वर गेला की शुगर आणि हृदयाचा धोका वाढू लागतो. वजनकाट्याआधी टेप घ्या. आपल्या खान्देशी ताटात भरीत आहे, कळण्याची भाकरी आहे, मेथी-पोकळ्याची भाजी आहे. कळण्यात ज्वारीबरोबर उडीद असतो, त्यामुळे प्रथिनं मिळतात आणि पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. अडचण तर्रीत आहे. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 125 कॅलरी. शेवभाजीच्या वाटीवर तरंगणारं तेल आणि शेवेत मुरलेलं तेल मिळून असे किती चमचे होतात ते घरी एकदा करताना मोजा. माणशी रोजचे दोन चमचे कमी झाले तरी जे घडतं ते गार्सिनियाच्या कुठल्याही चाचणीत घडलेलं नाही. भरीत करताना फोडणी निम्मी केली तर हिरव्या मिरचीची आणि कांद्याच्या पातीची चव उलट जास्त लागते, हे माझं प्रामाणिक मत आहे.

ज्यांचं वजन खूप जास्त आहे, सोबत शुगर किंवा गुडघे आहेत, त्यांनी डॉक्टरांकडे जावं. तिथे आता परिणाम सिद्ध झालेली औषधं आहेत. सेमाग्लुटाइडच्या 2021च्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत वजन सरासरी 14.9 टक्क्यांनी उतरलं, रिकाम्या इंजेक्शनवाल्यांचं 2.4 टक्क्यांनी. त्याचे दुष्परिणाम आहेत, खर्च आहे, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं नाही. पण 'वजन उतरतं' हे सिद्ध झालं म्हणजे आकडे कसे दिसतात, ते यावरून कळावं.

आणि तुम्ही आत्ता अशी एखादी गोळी घेत असाल, तर हे नीट ध्यानात ठेवा. लघवी गडद पिवळी होणं, डोळे पिवळे दिसणं, अन्नावरची वासना उडणं, मळमळ, उजव्या बाजूला बरगडीखाली दुखणं, अंगाला विनाकारण खाज, यातलं काहीही झालं तर गोळी त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत न्या. 'आयुर्वेदिक आहे, ते काय सांगायचं' म्हणून लपवू नका. डॉक्टरांना डबी दिसली नाही तर काविळीचं कारण शोधण्यात दिवस जातात. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, शुगरची किंवा मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर सुरूच करू नका. गोळीने त्रास झाला तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा सरकारी टोल फ्री क्रमांक आहे, 1800-180-3024. तिथे रुग्ण स्वतःही कळवू शकतो, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही.